वादीची कोंबडी

धैदच्या पुढं, उंटांच्या बाजारापासून तीन किलोमीटर,
मालकानं बारा आणल्या एका पिंजऱ्यात.
विकणारा म्हणाला, गिरगिर. विंचू खातात, गोचिड्या खातात,
परकं कुणी आलं की ओरडतात.
म्हणजे तीन माणसांचं काम.
पगाराचं मी मनातच म्हणालो.

करड्या लुगड्यावर कण्या सांडाव्यात
आणि कुणी झटकू नयेत, तसे ठिपके.
मान मात्र उघडी, निळी,
डोक्यावर हाडाचा उंचवटा, मागं कललेला.
गालाशी लाल लोळ्या. शोभा अशी नाहीच,
पण बघत राहावं लागतं.

आदम तिजानी कुर्दुफानचा, बकऱ्यांकडचा.
त्यानं पिंजऱ्यापाशी उकिडवं बसून नाव सांगितलं :
जदाद-अल-वादी.
मी वाडी ऐकलं. वाडीची कोंबडी.
महिनाभर तसंच म्हणत होतो, तो हसायचा नुसता.
मग एकदा हातानं वाळूत रेघ ओढून म्हणाला,
वादी. पाणी नसलेली नदी.
हे मला समजावायची गरज नव्हती,
मी माणगंगेकाठचा.

तिकडं, तो सांगतो, शंभर-शंभरांचा थवा,
सकाळी एकामागं एक पाण्याला जातो,
पुढच्याचा पाय उचलला की मागच्याचा पडतो.
उडता येतं, पण उडत नाहीत.
पळतात. कुत्रा दमेपर्यंत पळतात.
उडायचं ते फक्त संध्याकाळी, बाभळीवर, झोपायला.
म्हशींच्या, हरणांच्या मागं फिरतात,
त्यांनी उधळलेल्या शेणात किडे,
आणि पावसाळ्यात वाळवी, पोट फुटेस्तोवर.

इथं वाळवी नाही. ऱ्होड्स गवत आहे,
खजुराची चाळीस झाडं आणि एक जुनं गाफ.
पहिल्या रात्रीच त्या गाफवर चढल्या.
कुणी शिकवलं नव्हतं.

नर कुठला, मादी कुठली, डोळ्यांनी कळत नाही.
आवाजानं कळतं.
नराचं एकच, टक् टक् टक्, लाकूड तोडल्यासारखं.
मादी दोन अक्षरं बोलते, दुसरं वर चढवत :
चल-की! चल-की!
दुपारी पंचेचाळीस अंशांत
कोण कुणाला चल म्हणतंय.

मे महिन्यात अकराच मोजल्या, मग दहा, मग नऊ.
फोरमन शमशाद म्हणाला, कोल्हा.
आदम काही बोलला नाही, गवताच्या कडेला चालत राहिला
आणि एका जागी थांबला.
खळग्यात तेवीस अंडी, कडक, टोकाला निमुळती.
तिघींनी एकाच खळग्यात घातलेली,
आणि एकच बसलेली, डोळे न हलवता.
आम्ही मागं पावलं टाकत परतलो.

सत्तावीस दिवस. नर जवळच घुटमळायचा.
पिलं आली ती तपकिरी, पट्ट्यांची, लाल पायांची,
आणि दुसऱ्याच दिवशी चालू लागली.
आता नर पुढं झाला. मादी अर्धी झाली होती,
तिला खायला सोडून तोच पिलांना पंखाखाली घेत होता.

एकच गोष्ट, आदम म्हणाला. ओल.
ओल्या गवतात पिलू भिजलं की गेलं.
तिकडं दव मारतं.
इथं पहाटे चार वाजता स्प्रिंकलर.

मी तीन नंबरचा कॉक बंद केला.
सतरा दिवस.
गवताचा एक पट्टा पिवळा पडला, नकाशातल्या नदीसारखा,
शमशादनं वहीत लिहिलं, मालकानं पंच्याण्णव दिऱ्हाम कापले.
तेवीसांतली चौदा जगली.
पाच उबलीच नाहीत. दोन घारीनं नेली. दोन कुठं गेली माहीत नाही.

काल रात्री चौदाही गाफच्या खालच्या फांदीवर होती,
एकमेकांना ढकलत.
मी टॉर्च वर केला,
आणि सगळ्या झाडानं मला शिव्या दिल्या.
आदम खाटेवरून म्हणाला,
परका आलाय म्हणतायत.
मग म्हणाला, विझव ना तो.